‘तारण’ : ख्रिस्ती मुक्तिविचारातील कर्ता, क्रिया आणि स्वीकार

१. एक प्रश्न व त्याचे व्याकरण

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील बंदिशाळेतला एक प्रसंग वर्णिला आहे. फिलिप्पै ही मॅसेडोनियातील रोमन वसाहत होती, आणि प्रसंग इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास घडलेला आहे. पौल व त्याचा सहकारी सीला यांस फटके मारून आतल्या कोठडीत टाकले होते व त्यांचे पाय खोड्यात अडकविले होते. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळून पडल्या. बंदिवान पळून गेले असे समजून बंदिशाळेचा नायक तलवार उपसून आत्मघात करावयास निघाला, तोच पौलाने आतून हाक देऊन त्यास थांबविले. तेव्हा तो नायक थरथर कापत त्या दोघांच्या पायाशी पडला व त्याने विचारले की, आपले तारण व्हावे म्हणून आपण काय केले पाहिजे?

ख्रिस्ती धर्माचा मुक्तिविचार समजून घेण्यासाठी या प्रश्नाइतके सोयीचे प्रवेशद्वार दुसरे नाही. आणि त्याचे कारण प्रश्नाच्या आशयाइतकेच त्याच्या व्याकरणात आहे. मूळ ग्रीक वाक्यात दोन क्रियापदे आहेत. पहिले ‘करणे’ या अर्थाचे असून ते कर्तरी आहे. त्याचा कर्ता प्रश्न विचारणारा मनुष्य. दुसरे ‘तारणे’ या अर्थाचे असून ते कर्मणि आहे. तेथे तोच मनुष्य कर्म झाला आहे आणि तारणारा कोण हे सांगितलेले नाही. एकाच वाक्यात मनुष्य प्रथम कर्ता आणि नंतर कर्म. पौलाने दिलेल्या उत्तराची घडणही अशीच आहे: प्रभू येशूवर विश्वास ठेवण्याची आज्ञा कर्तरी प्रयोगात, आणि त्यापुढील तारणाचे आश्वासन पुनः कर्मणि प्रयोगात.

मनुष्याने करावयाची क्रिया आणि त्याच्यावर घडणारी क्रिया यांचा परस्परसंबंध कोणता, हाच ख्रिस्ती मुक्तिविचारातील मध्यवर्ती प्रश्न होय. पंथापंथांतील बहुतेक वाद याच संबंधाच्या स्पष्टीकरणातून उद्भवले आहेत, आणि मराठीत हा विचार आणणाऱ्यांपुढे शब्दनिवडीची जी अडचण उभी राहिली तिचे मूळही येथेच आहे.

२. मूळ भाषांतील शब्द

ज्या ग्रीक धातूसाठी मराठीत ‘तारणे’ हे क्रियापद रूढ झाले तो ‘सोझो’ हा होय. त्याचे भाववाचक नाम ‘सोतेरिया’. हा शब्द मुळात धार्मिक परिभाषेतला नाही. बुडत्याला वाचविणे, युद्धातून सुखरूप आणणे, रोग्यास बरे करणे, या सर्व अर्थांनी तो ग्रीक व्यवहारात होता, आणि शुभवर्तमानांतही हे अर्थ जिवंत आहेत. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री येशूच्या वस्त्राला स्पर्श करून बरी होते, तेव्हा तिच्या विश्वासाचे फळ सांगताना मार्काने (५:३४) हेच क्रियापद योजले आहे. तेथे भाषांतरकाराने ‘बरे केले’ म्हणावे की ‘तारले’ म्हणावे, असा पेच पडतो. कारण ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. देहाचे आरोग्य व आत्म्याचे कल्याण यांत मराठी वाचक जो भेद सहज करतो तो मूळ शब्दात नाही.

ग्रीक शब्दामागे हिब्रू परंपरा उभी आहे. हिब्रू ‘याशा’ या धातूचा प्रयोग जुन्या करारात प्रामुख्याने शत्रूच्या हातून सोडविण्यासाठी होतो. मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची झालेली सुटका हा तेथील तारणाचा आदर्श प्रसंग. ती सुटका एकेकट्या जिवाची नसून एका समाजाची आहे, आणि ती इतिहासात घडलेली घटना आहे. याच धातूशी ‘येशू’ हे नाम संबद्ध असून, मरियेच्या पुत्राला हे नाव का ठेवावयाचे याचा खुलासा करताना मत्तयाने (१:२१) तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील, असे कारण दिले आहे. येथे एक मोठे अर्थांतर घडले आहे. तारणारा तोच, क्रियाही तीच. परंतु ज्यापासून सुटका करावयाची ती गोष्ट आता परकी राजसत्ता नसून पाप ही आहे.

३. मराठीपुढील पर्याय

मराठीत या कल्पनेसाठी ‘मोक्ष’, ‘मुक्ती’, ‘उद्धार’ आणि ‘तारण’ असे चार शब्द मुख्यतः उपलब्ध होते. ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ हे दोन्ही ‘मुच्’ म्हणजे सोडणे या धातूपासून झाले. त्यांत बंधन सुटण्याचे चित्र आहे. ‘उद्धार’ या शब्दात खाली पडलेल्यास वर काढण्याचे चित्र आहे. ‘तारण’ हा ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून झाला. त्यात पाण्यातून पैलतीरी नेणाऱ्याचे चित्र आहे.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने या प्रश्नाला प्रथम मोठ्या प्रमाणावर हात घातला. इ. स. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकात ख्रिस्ताचा उल्लेख ‘आमचा तारणारा’ या अर्थाच्या शब्दांनी केलेला आहे. ग्रंथात मात्र स्टीफन्सने पुराणपरंपरेतील शब्द निःसंकोचपणे घेतले. मुक्तीसाठी ‘मोक्ष’ आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हे शब्द त्याला चालले. नवख्रिस्ती श्रोत्यांच्या कानाला परके वाटू नये, ही त्यामागील दृष्टी होती. ओळखीच्या शब्दात नवा अर्थ भरता येतो, असा विश्वास या निवडीत दिसतो.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट भाषांतरकार अधिक सावध होते. ‘मोक्ष’ म्हटल्याबरोबर श्रोत्याच्या मनात जन्ममरणाचा फेरा, कर्मक्षय, ज्ञान, सायुज्य हा सारा अर्थसमूह जागा होतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. त्यांच्या परंपरेत ‘तारण’ हा शब्द स्थिर झाला, आणि ख्रिस्तासाठी ‘तारणारा’ हे साधे कर्तृवाचक रूप रूढ झाले. हा शब्दही कोरा नव्हता. भवसागर, त्यातून पार नेणारी नौका, पतितांना तारणारा देव या कल्पना संतवाङ्मयात सर्वत्र आहेत. तथापि या शब्दाचा एक व्याकरणिक लाभ होता. मराठीत मोक्ष ‘मिळविता’ येतो, ‘साधता’ येतो. तारण मात्र कोणी साधीत नाही. ते ‘होते’, किंवा मनुष्य ते ‘पावतो’. फिलिप्पैच्या नायकाच्या प्रश्नातील कर्मणि रूप मराठी वाक्यरचनेत राखावयाचे तर हाच शब्द सोयीचा होता.

‘तारण’ या शब्दाचा मराठी व्यवहारात दुसरा एक अर्थ आहे, तो म्हणजे कर्जाच्या हमीसाठी सावकाराकडे ठेवलेली वस्तू. धर्मोपदेशातील ‘तारण’ आणि पेढीवरील ‘तारण’ ऐकण्यास एकच. या योगायोगावर सिद्धांत उभारणे अयोग्य होईल. परंतु नव्या करारातही ऋणव्यवहाराचे शब्द मुबलक आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दासाच्या सुटकेसाठी द्यावयाच्या मोलाला ग्रीकमध्ये ‘लुत्रोन’ म्हणतात. मार्काच्या शुभवर्तमानात (१०:४५) ख्रिस्ताच्या मरणास हा शब्द लाविला आहे व मराठीत त्यासाठी ‘खंडणी’ शब्द आला. सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेल्या रकमेला ‘अर्राबोन’ म्हणतात. हा सेमिटिक भाषांतून ग्रीकमध्ये गेलेला व्यापारी शब्द पौलाने पवित्र आत्म्याच्या दानास लाविला, आणि मराठी भाषांतरकारांनी त्यास ‘विसार’ हा बाजारातला नेमका शब्द दिला. ज्या वारशाचा हा विसार, त्यासाठी ‘वतन’ हा शब्द आला. मराठी मुलखात वतनाला केवढे मोल होते हे सांगावयास नको.

या व्यवहारशब्दांच्या मांडणीत मात्र एक उलटापालट आहे. लौकिक व्यवहारात तारण ठेवतो तो ऋणको. येथे ऋणकोजवळ ठेवण्यासारखे काही नाही, म्हणून धनकोच विसार देतो आणि मोलही भरतो. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला ‘कृपा’ म्हणतात तिचे स्वरूप या उलटापालटीत व्यक्त झाले आहे.

४. कशापासून तारण?

पाप या अर्थाचा नव्या करारातील मुख्य ग्रीक शब्द ‘हामार्तिआ’ हा असून त्याच्या धातूचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. हिब्रू ‘हट्टात’ या शब्दामागेही हेच चित्र आहे. तेव्हा पाप म्हणजे केवळ निषिद्ध कृत्यांची बेरीज नव्हे. ज्या देवाकडे मनुष्याची दिशा असावयास हवी त्याच्याकडून ती ढळणे, हा त्याचा गाभा. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने धर्मशास्त्र लाभलेले यहूदी आणि ते न लाभलेले परराष्ट्रीय या दोघांनाही एकाच पंक्तीत बसविले आहे. पुण्यवान व पापी अशी मनुष्यजातीची सोपी विभागणी त्याला मान्य नाही.

भारतीय वाचकाने येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. कर्मसिद्धांतानुसार कृत्य आणि फळ यांचा संबंध नियमाचा आहे. फळ भोगल्याने कर्म क्षीण होते. ख्रिस्ती दृष्टीने पाप हा मुख्यतः दोन व्यक्तींमधील संबंधाचा भंग होय. तुटलेला संबंध कितीही भोग भोगल्याने जुळत नाही. ज्याचा अपराध झाला त्याने क्षमा केल्यावाचून त्याला उपाय नाही. लूकच्या शुभवर्तमानातील (१५ वा अध्याय) उधळ्या पुत्राची कथा या दृष्टीने वाचावी. परत येताना तो पुत्र आपणास मोलकऱ्यांत ठेवावे, अशी विनंती मनाशी योजून येतो. म्हणजे श्रमाने परतफेड करण्याची त्याची तयारी आहे. पिता त्याला ती विनंती पूर्ण करू देत नाही. तो दुरूनच त्याला पाहून धावत जातो, आणि मजुरीचा प्रश्न निघण्यापूर्वीच त्याला पुत्राचे वस्त्र व अंगठी मिळते.

म्हणून ख्रिस्ती मुक्ती ही देहापासून किंवा व्यक्तित्वापासून सुटका नव्हे. तिची परिणती देवाशी पुनः जुळलेल्या संबंधात आणि अंती देहासह पुनरुत्थानात मानली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील (३ रा अध्याय) ‘नव्याने जन्म’ या कल्पनेसाठी मराठीत ‘पुनर्जन्म’ हा शब्द अर्थाने जवळचा असूनही टाळावा लागतो, तो याच कारणाने. एका जन्मातच होणारा बदल सांगावयाचा असता त्या शब्दाने जन्ममालिकेचा बोध होईल.

५. क्रूस आणि त्याचे अर्थ

हे तारण येशू ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने घडून आले, याविषयी सर्व ख्रिस्ती पंथांचे एकमत आहे. ते कसे घडले याविषयी मात्र एकच स्पष्टीकरण अधिकृत मानलेले नाही. प्राचीन सर्वमान्य धर्मपरिषदांनी ख्रिस्ताच्या देवत्वाची व मानवत्वाची काटेकोर व्याख्या केली. त्याच्या मरणाच्या परिणामाची तशी व्याख्या केली नाही. त्यामुळे अनेक रूपके शेजारी शेजारी नांदत आली. खंडणीचे रूपक वर आलेच आहे. यहूदी मंदिरातील यज्ञबलीच्या रूपकात ख्रिस्त हा कोकरा आहे. मृत्यू व दुष्ट शक्ती यांच्यावर मिळविलेला विजय, हे रूपक ग्रीक धर्मपित्यांना विशेष प्रिय होते. १९३० च्या सुमारास स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताव औलेन याने त्याकडे पुनः लक्ष वेधले. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने देव मनुष्य का झाला, या प्रश्नाचा विचार करताना भरपाईचा सिद्धांत मांडला: देवाच्या मानाचा भंग मनुष्याने केला, तेव्हा भरपाई मनुष्यानेच करावयास हवी, परंतु ती करण्याचे सामर्थ्य केवळ देवात आहे, म्हणून जो दोन्ही आहे त्यानेच ती करणे प्राप्त होते.

या प्रत्येक रूपकाला मर्यादा आहेत. खंडणी कोणाला दिली, असे विचारले की पहिले रूपक अडखळते; क्षमा करणाऱ्याला भरपाई का हवी, असे विचारले की शेवटचे. रूपकाचे काम वस्तूचे एक अंग उजळणे हे असते, सर्व अंगे एकदम दाखविणे हे नव्हे, एवढे भान ठेवले तर त्यांचा विरोध पुष्कळ अंशी मावळतो. सर्व रूपकांत समान असलेली गोष्ट एकच: क्रियेचा कर्ता देव आहे.

६. स्वीकार : विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा

तारण जर दान असेल, तर ते घ्यावयाचे कसे? फिलिप्पैत पौलाने ‘विश्वास’ असे उत्तर दिले. यरुशलेमेत पेन्टेकॉस्टच्या दिवशी याच स्वरूपाच्या प्रश्नाला पेत्राने पश्चात्ताप व बाप्तिस्मा असे उत्तर दिले होते (प्रे. कृत्ये २:३८). हे तीनही शब्द मराठीत तपासून घेण्याजोगे आहेत.

‘पिस्तिस’ या ग्रीक शब्दात एखादे विधान खरे मानणे आणि एखाद्या व्यक्तीवर भिस्त ठेवणे, असे दोन्ही अर्थ आहेत. देव एक आहे हे दुष्टात्मेही मानतात, अशी कठोर जाणीव याकोबाच्या पत्रात (२:१९) करून दिली आहे. म्हणजे पहिला अर्थ पुरेसा नाही. दुसऱ्या अर्थाने विश्वास ही एका व्यक्तीच्या हाती स्वतःला सोपविण्याची कृती होय. मराठीतील दोन वाक्प्रयोग येथे फार उपयोगी पडतात. कोणावर विश्वास ‘बसतो’, आणि कोणावर विश्वास ‘टाकला’ जातो. पहिल्या प्रयोगात विश्वास ही आपोआप घडणारी गोष्ट आहे. तिला कर्ता नाही. दुसऱ्यात ती मनुष्याने जाणूनबुजून केलेली कृती आहे. ख्रिस्ती परंपरेने या दोहोंपैकी एकही अर्थ सोडलेला नाही. विश्वास हेही देवाचे दान आहे आणि तरीही विश्वास ठेवावयाचा तो मनुष्यानेच, अशी दुहेरी भाषा ती करीत आली आहे.

‘मेतानोइआ’साठी मराठीत ‘पश्चात्ताप’ हा शब्द आला. त्याच्या घटनेत मागाहून होणारा ताप आहे. म्हणजे भर भावनेवर पडतो. ग्रीक शब्दाचा भर मन पालटण्यावर आहे, आणि त्यामागील हिब्रू ‘शूब’ या धातूचा अर्थ तर सरळ ‘मागे वळणे’ असाच आहे. लॅटिन बायबलात या ठिकाणी जो शब्दप्रयोग होता त्याचा अर्थ प्रायश्चित्त करणे असाही होत असे. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या पंचाण्णव विधानांपैकी पहिले याच शब्दाविषयी होते: ख्रिस्ताने सांगितलेला पश्चात्ताप म्हणजे एखादा विधी नसून श्रद्धावंताचे अवघे जीवन होय, असा त्याचा आशय. एका शब्दाच्या अर्थाविषयीचा वाद युरोपच्या इतिहासाला किती मोठे वळण देऊ शकतो, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

बाप्तिस्मा हा स्वीकाराचा दृश्य संस्कार. तो ख्रिस्ताच्या मरणात व पुनरुत्थानात सहभागी होण्याचे चिन्ह आहे, असे पौल सांगतो (रोम. ६ वा अध्याय). रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन व अँग्लिकन मंडळ्या तो तान्ह्या मुलांनाही देतात. कृपा मनुष्याच्या समजुतीची वाट पाहत नाही, असे त्यातून सूचित होते. बॅप्टिस्ट मंडळी मनुष्याने स्वमुखाने विश्वास कबूल केल्यावरच तो देतात. येथे भर मनुष्याच्या उत्तरावर आहे. कर्तरी व कर्मणि यांचा जुना प्रश्न संस्काराच्या रूपाने पुनः पुढे येतो तो असा.

७. कृपा आणि प्रयत्न यांचा वाद

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस याने मनुष्याला सदाचरणाचे पुरेसे सामर्थ्य निसर्गतः आहे, असे प्रतिपादन केले. ऑगस्टीनने त्याचा कसून प्रतिवाद केला, आणि ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसच्या मतांचा निषेध केला. ५२९ मध्ये ऑरेंज येथील सभेने विश्वासाचा आरंभदेखील कृपेनेच होतो, असे ठरविले. तेव्हा कॅथलिक मत म्हणजे स्वकर्माने मुक्ती, हा समज चुकीचा होय.

सोळाव्या शतकातील वाद याहून सूक्ष्म होता. पौलाच्या पत्रांतील ज्या क्रियापदासाठी मराठी बायबलात ‘नीतिमान ठरविणे’ असा प्रयोग आहे, त्याचा अर्थ काय हा प्रश्न होता. लॅटिन रूपाची घटना ‘नीतिमान करणे’ अशी आहे. सुधारकांनी न्यायालयातील निवाड्याचा अर्थ पुढे केला: देव पापी मनुष्याला ख्रिस्तामुळे निर्दोष ठरवितो. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कृपेचे अग्रस्थान मान्य करून, कृपेने जागा झालेला मनुष्य तिच्याशी सहकार्य करतो व आतून खरोखरच पालटतो, यावर भर दिला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने न्यायालयाच्या भाषेपेक्षा आरोग्याची भाषा पसंत केली. तिच्या मते तारण म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे. परंतु सृष्ट जीव व स्रष्टा यांतील भेद तेथेही पुसला जात नाही, आणि म्हणून अद्वैतातील ऐक्याशी त्याचे समीकरण मांडता येत नाही.

या वादाचे स्वरूप भारतीय वाचकास अगदी परके वाटण्याचे कारण नाही. रामानुजांच्या परंपरेत वडकलै व तेंकलै या दोन शाखांत हाच प्रश्न उपस्थित झाला. वानराचे पिलू आईला स्वतः बिलगून राहते. मांजरीचे पिलू काही करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. जीवाने पहिल्याप्रमाणे थोडा प्रयत्न करावयाचा, की दुसऱ्याप्रमाणे सर्वस्वी निश्चिंत राहावयाचे? यावरून दोन गोष्टी दिसतात. कृपेचा विचार ही ख्रिस्ती धर्माचीच मिरास नाही. आणि कृपा मानणाऱ्या प्रत्येक परंपरेला मनुष्याच्या वाट्याला काय उरते, हे सांगावेच लागते. ख्रिस्ती विचाराचे वेगळेपण कृपेच्या नुसत्या कल्पनेत नसून, ती कृपा इतिहासातील एका विशिष्ट मरणाशी बांधली आहे यात आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ व रोमन कॅथलिक मंडळी यांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्य स्वतःच्या पुण्याईमुळे नव्हे, तर ख्रिस्ताच्या तारक कार्यावरील विश्वासाने केवळ कृपेने स्वीकारला जातो, आणि ती कृपा त्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करते, हे उभयतांनी मान्य केले. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट व २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही या घोषणेत सामील झाल्या. सर्व भेद मिटले असे नाही. परंतु ज्या मुद्द्यावर मंडळी दुभंगली तोच आता दुभंग टिकविण्यास पुरेसा नाही, एवढे निश्चित झाले.

ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही त्यांचे काय, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असे प्रतिपादिले की, स्वतःचा दोष नसता ज्यांस शुभवर्तमान अज्ञात राहिले, परंतु जे मनःपूर्वक देवाचा शोध करतात व सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही, आणि याविषयीची चर्चा चालूच आहे.

८. काळाचा प्रश्न

तारण केव्हा घडते? पौलाच्या पत्रांत ‘सोझो’ हे क्रियापद तीनही काळांत येते. इफिसकरांस पत्रात (२:८) ते पूर्ण झालेल्या व परिणामरूपाने टिकून असलेल्या क्रियेचे रूप आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१:१८) ते चालू क्रियेचे आहे. रोमकरांस पत्रात (५:९-१०) भविष्यकाळाचे. विसाराचे रूपक येथे पुनः अर्थपूर्ण ठरते. विसार हाती आला म्हणजे सौदा झाला हे खरे. परंतु वतनाचा पूर्ण ताबा अद्याप पुढेच आहे. केवळ भूतकाळ धरला तर निष्काळजीपणा येतो, केवळ भविष्यकाळ धरला तर भय. तिन्ही काळ एकत्र धरण्यावर नव्या कराराचा कटाक्ष आहे.

९. मराठीतील दोन साक्षी

पंडिता रमाबाई यांच्या जीवनात स्वीकाराचा हा प्रश्न अत्यंत तीव्रतेने उभा राहिला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले की, त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनंतर, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना, दीक्षित होऊनही तारणाचा अनुभव नसणे शक्य आहे हे त्यांच्या ध्यानी आले. आणि पुढे, काही करून दाखवावयाचे नसून जे झाले आहे ते घ्यावयाचे आहे, अशी त्यांची खात्री पटली. ज्या विदुषीचे अवघे आयुष्य कर्तृत्वाचे होते, तिने आपल्या तारणात स्वतःच्या कर्तृत्वाला जागा नाही, असे म्हणावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्या कर्तृत्वाला त्यामुळे खळ मात्र पडला नाही. केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांना आश्रय मिळत राहिला, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले, साध्यासुध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीतील बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. स्वतःच्या पतितपणाची कबुली, देवाच्या दयेवर टाकलेला भार आणि तारणाऱ्याविषयीची आर्तता ही भाषा वारकरी संतांनी मराठीला आधीच शिकविली होती. रमाबाईंना ‘विश्वास टाकणे’ कठीण गेले, ते बुद्धीच्या व कर्तृत्वाच्या सवयीमुळे. टिळकांना तो टाकण्याचे शब्द मातृभाषेतच मिळाले. वाटा निराळ्या, परंतु दोघांच्याही अनुभवात मनुष्य शेवटी कर्त्याच्या जागेवरून उठून कर्माच्या जागी येऊन बसतो.

१०. समारोप

फिलिप्पैच्या नायकाची कथा प्रश्नोत्तराने संपत नाही. पौलाचे म्हणणे ऐकल्यावर त्याच रात्री, त्याच घटकेस त्याने त्या दोघांच्या फटक्यांच्या जखमा धुतल्या. मग त्याचा व त्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा झाला. मग त्यांना घरी नेऊन त्याने पान वाढले. काय करावे, असे त्याने विचारले होते तेव्हा करावयाची म्हणून यांपैकी एकही गोष्ट त्याला सांगितली नव्हती. मागाहून मात्र त्याचे हात आपणहून कामाला लागले, आणि तेही ज्या जखमांची राखण करणे हीच काही घटकांपूर्वी त्याची नोकरी होती, त्या जखमा धुण्यास. ख्रिस्ती विचारात कर्तरी क्रियापदांना स्थान आहे ते येथे: तारणाचे मोल म्हणून नव्हे, तर त्याची खूण म्हणून. मराठीने ‘तारण होणे’ असा प्रयोग स्वीकारून पहिली गोष्ट जपली. दुसरी जपण्याचे काम शब्दाचे नसून ते बोलणाऱ्याचे आहे.